बोटांनी पाहायचा इतिहास

हत्ती आणि सहा आंधळे यांची गोष्ट आपण सर्वांनीच शाळेत ऐकलेली आहे. कुणाच्या हाती सोंड लागते, कुणाच्या हाती पाय, कुणाच्या हाती शेपूट. प्रत्येकाला आपलाच हत्ती खरा वाटतो आणि भांडण जुंपते. संस्कृतात याला ‘अंधगजन्याय’ असे नावही आहे. मी इतिहासाचा शिक्षक. पुराव्याचा एकच तुकडा हाती धरून निष्कर्ष काढू नये, हे मुलांना सांगताना ही गोष्ट मी किती वर्षे वापरली याची गणती नाही.

एकदा सुटीत बार्शीला मामांच्या घरी गेलो असताना ती सहज बोलण्यात आली. माझे नानामामा अंध होते. वयाच्या चौथ्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पुढे थोरल्या भावाबरोबर त्यांनी धान्याची अडत चालवली. ज्वारीची मूठ भरून घेतली की ती मालदांडी आहे की दुसरी कुठली, तिच्यात ओल किती, जुन्या मालात नवा मिसळलाय का, हे ते सांगत आणि बाजार ते मानत असे. गोष्ट ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘‘यात आंधळ्याची काय चूक रे? हत्तीभोवती एक फेरी मारायला कुणी दिली नाही त्यांना. मी पोत्याला एकदाच हात लावून भाव सांगतो का?’’

मी निरुत्तर झालो. आज ज्या विषयावर बोलायचे आहे, त्याचे सगळे सार मामांच्या त्या दोन वाक्यांत आहे असे मला वाटते. विषय आहे यंत्राच्या हाताने दूरच्या संग्रहालयातली वस्तू चाचपून पाहण्याचा. वरवर तो विज्ञानाचा वाटेल. पण त्याची मुळे इतिहासात आहेत.

आधी एक आठवण सांगतो. १९८३ साल असेल. मामा एका लग्नासाठी मोठ्या शहरात आले होते. दोन दिवस हाताशी होते, म्हणून मी उत्साहाने त्यांना तिथले संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो. दाखवायला हा शब्द तेव्हा मला खटकला नाही. एका दालनात विष्णूची पुरुषभर उंचीची पाषाणमूर्ती होती. मी तिचे वर्णन करू लागलो. मामांनी हात पुढे केला आणि मागून आवाज आला, ‘‘ओ, हात लावू नका! पाटी दिसत नाही का?’’ पहारेकऱ्याच्या लक्षात आले तेव्हा तो बिचारा ओशाळला. पण नियम तो नियम. मामांनी हात मागे घेतला. मी वर्णन पुढे चालू ठेवले. ‘‘फार सुंदर मूर्ती आहे, मामा.’’ ते म्हणाले, ‘‘असंल. पण मग मला हितं कशाला आणलंस?’’

‘हात लावू नये’ ही पाटी संग्रहालयाइतकीच जुनी असेल, असा माझा समज होता. पुढे वाचन केल्यावर तो चुकीचा निघाला. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ साली लोकांसाठी खुले झाले. तिथे येणारी माणसे वस्तू सर्रास हातात घेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस सीलिया फाइन्स नावाची एक प्रवासी बाई तिथे गेली. दिसायला जड असलेली एक काठी तिने उचलली, तर ती हलकी निघाली. याचे नवल तिने लिहून ठेवले आहे. १७१० साली झाखारियास फॉन उफेनबाख हा जर्मन प्रवासी आला. सहा पेनी टाकून कोणीही आत येतो, बायाबापड्यासुद्धा, आणि दिसेल ती वस्तू हाताळतो, अशी त्याची तक्रार होती. म्हणजे त्या काळी पाहणे यात हातात घेऊन पाहणेही आले. वजन, गारवा, खरखरीतपणा हाही वस्तूच्या ज्ञानाचाच भाग मानला जाई.

एकोणिसाव्या शतकात संग्रहालये सामान्य जनतेसाठी उघडली, गर्दी वाढली आणि काचेची कपाटे आली. यात नुसता अडेलपणा नव्हता. हाताचा घाम, त्यातले क्षार, तेलकटपणा यांनी धातू डागाळतो, दगड झिजतो. रोमच्या सेंट पीटर चर्चमधल्या संत पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा पाय भाविकांच्या स्पर्शाने झिजून गुळगुळीत झाला आहे. इतक्या लांब जायलाही नको. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायांची झीज आणि त्यावरचा वज्रलेप हा आपल्याकडे कितीदा बातमीचा विषय झाला! पण त्याच पंढरपुराने दुसरी बाजूही शिकवली आहे. मुखदर्शन लांबून पटकन होते, तरी वारकरी तासन् तास रांगेत उभा राहतो तो पायांवर डोके टेकवण्यासाठी. करोनामुळे २०२० साली थांबलेले पदस्पर्शदर्शन २०२२ च्या पाडव्याला पुन्हा सुरू झाले, तेव्हा लोकांना झालेला आनंद आठवा. डोळे धडधाकट असलेल्यांनाही स्पर्शावाचून भेट अपुरी वाटते. मग ज्यांना स्पर्श हीच भेट, त्यांचे काय?

हा प्रश्न पूर्वीही काही जणांना पडला होता. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. तेरा वर्षांची हेलन केलर तिथे गेली. तिला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. प्रदर्शनाच्या अध्यक्षांनी तिला वस्तूंना हात लावण्याची खास परवानगी दिली आणि तिने ते प्रदर्शन बोटांनी पाहिले. पण ती परवानगी एका प्रसिद्ध मुलीला मिळाली होती.

सर्वांसाठी दार उघडले ते इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलंड या गावी. तिथल्या संग्रहालयाचे अभिरक्षक जॉन आल्फ्रेड चार्लटन डीस यांनी १९०६ साली गावातल्या अंधशाळेतल्या मुलांना बोलावले आणि पेंढा भरलेले प्राणी-पक्षी त्यांच्या हाती दिले. पुढे प्रौढही येऊ लागले. १९१३ पर्यंत हा उपक्रम चालला आणि त्याच वर्षी डीस यांनी संग्रहालयवाल्यांच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. त्या प्रसंगांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. मुले प्राण्याच्या पाठीवरून, जबड्यावरून, पंज्यांवरून हात फिरवताहेत. कुणी घाई करत नाही. नानामामा म्हणत होते ती ‘फेरी’ त्या मुलांना मिळाली होती.

तरीही ही गोष्ट अपवादच राहिली. १९९३ साली इटलीतल्या अँकोना शहरात आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या पुढाकाराने एक संग्रहालय सुरू झाले. दोघांना प्रवासाची आवड. पण जातील तिथे ‘हात लावू नये’ आडवे येई. तेव्हा त्यांनी असे संग्रहालय उभे करायला लावले, जिथे हात लावणे हाच नियम. ग्रीक कवी होमर अंध होता अशी परंपरा आहे, म्हणून त्याचेच नाव दिले. प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती, वास्तूंचे नमुने आणि काही मूळ शिल्पे तिथे हाताळता येतात. १९९९ साली इटलीच्या सरकारने त्याला राष्ट्रीय दर्जा दिला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ साली सहा चित्रांच्या उठावाच्या प्रती हाताळण्यासाठी मांडल्या. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झाले. संग्रहातल्या २२ वस्तूंच्या प्रतिकृती तिथे ठेवण्यात आल्या.

आता अडचण अशी की, अँकोना आणि दिल्ली बार्शीपासून फार लांब. अंध माणसाला प्रवास सोपा नसतो. तेव्हा वस्तू तिथे आणि हात इथे, अशी काही सोय होईल का? इथे यंत्रमानव गोष्टीत येतो, आणि येतो तो भलत्याच वाटेने.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुसंशोधन वाढले. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे कसे, हा प्रश्न होता. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक जोडयंत्र बनवले. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस मूठ हलवतो, पलीकडे यंत्राचा पंजा तशीच हालचाल करतो. पुढे १९५४ च्या सुमारास विजेवर चालणारे यंत्र आले. पलीकडच्या पंजाला अडथळा लागला की अलीकडच्या मुठीला तेवढाच दाब जाणवे. अंतरावरून स्पर्श कळण्याची ही सुरुवात. पाहा कसा योग आहे. ज्या शिकागोत हेलन केलरला हात लावायची परवानगी मिळाली, त्याच परिसरात साठ वर्षांनी हा यंत्राचा हात घडला. तिथे वस्तूपासून माणसाचा हात वाचवायचा होता. संग्रहालयात माणसाच्या हातापासून वस्तू वाचवायची असते. यंत्र मात्र तेच उपयोगी पडते.

१९९३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत थॉमस मॅसी हा विद्यार्थी आणि केनेथ सॅलिस्बरी हे त्याचे मार्गदर्शक यांनी टेबलावर मावेल असे उपकरण केले. त्याचे नाव ‘फँटम’. एका छोट्या यांत्रिक भुजेच्या टोकाला टोपण असते, शिवणकामातल्या अंगुस्तानासारखे. त्यात बोट घालायचे. संगणकात वस्तूचा त्रिमिती आराखडा असतो. हवेत बोट फिरवताना जिथे वस्तूचा पृष्ठभाग ‘असायला हवा’ तिथे मोटारी बोटाला अडवतात. समोर काहीच नसते, पण बोटाला कठीण कड लागते. हा भास टिकवण्यासाठी संगणकाला सेकंदाला सुमारे हजार वेळा हिशेब करावा लागतो. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रे पुरतात. डोळा चटकन फसतो, बोट फसत नाही.

इटलीतल्या पिसा शहरातल्या सांतान्ना संस्थेत मास्सिमो बेर्गामास्को यांच्या चमूने २००१ नंतर ‘म्युझियम ऑफ प्युअर फॉर्म’ नावाचा प्रकल्प राबवला. शिल्पांची त्रिमिती मोजणी करून ती संगणकात ठेवली आणि हाताला बसवलेल्या यांत्रिक सांगाड्याच्या साहाय्याने लोकांना ती चाचपता आली. २९ ऑक्टोबर २००२ रोजी एमआयटीचे मंदयम श्रीनिवासन आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे मेल स्लेटर यांच्या चमूंनी अटलांटिक महासागराच्या दोन काठांवरून एकच काल्पनिक ठोकळा मिळून उचलला. समोरच्याने दिलेला रेटा दोघांनाही हातात जाणवत होता.

२०१८ साली प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात अंधांसाठी हातमोजे आले. ते घालून मिलोची व्हीनस, मायकेलँजेलोचा डेव्हिड आणि इजिप्तच्या नेफर्तितीचा अर्धपुतळा यांचे आकार कंपनांच्या रूपाने हातांना कळत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लाँग बीच इथे दूरचालित यंत्रमानवांची मोठी स्पर्धा झाली. तिच्या शेवटच्या कसोटीत यंत्रमानवाच्या हाताने, न पाहता, केवळ स्पर्शाने खरखरीत दगड ओळखून उचलायचा होता. स्पर्धा जिंकली ती जर्मनीच्या बॉन विद्यापीठाच्या चमूने. जरा विचार करा. इतक्या प्रगत यंत्राची अंतिम परीक्षा काय, तर नानामामा रोज पहाटे बाजारात करत तीच.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली वेळेची. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन परत यायला, तार अगदी सरळ टाकली तरी, सेकंदाचा चौदावा भाग लागणारच. प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेवढ्यात बोट वस्तूच्या ‘आत’ घुसलेले असते आणि यंत्र थरथरू लागते. त्यावर तोड अशी की, वस्तूचा आराखडा आपल्या बाजूच्या संगणकातच ठेवायचा. स्पर्शाचा जाब जवळून मिळतो आणि दूरचा यंत्रहात मागून ताजी माहिती पाठवत राहतो. दुसरी अडचण अशी की, यंत्राचा हात म्हणजेही हातच. नाजूक मूळ वस्तूला तो तरी वारंवार का लावू द्यावा? म्हणून बरेचदा तिथेही प्रतिकृतीच येते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. एका टोपणात एक बोट, म्हणजे एका वेळी एकच बिंदू. आपण पुन्हा हत्तीपाशी येऊन थांबतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने असे उपकरण प्रकल्पासाठी मांडले होते. मला आवर्जून बोलावले. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि टोपणात बोट घातले. काहीतरी गोलसर लागत होते, मग खाच, मग पुन्हा गोल. चार-पाच मिनिटे धडपडलो आणि हार मानली. माझ्यानंतर महाविद्यालयातलीच एक अंध विद्यार्थिनी बसली. तिने आधी बोट वरून खाली सरळ नेले, मग आडवे फिरवून घेतले, मग कड शोधून तिच्याभोवती एक फेरी मारली. अर्ध्या मिनिटात म्हणाली, ‘‘मडकं आहे. गळ्याशी अरुंद, काठ बाहेर वळलेला.’’ तिने मारलेली ती फेरी पाहून माझ्या अंगावर काटा आला. स्पर्श ही कला आहे. आम्हा डोळसांना ती येत नाही, म्हणून आम्ही तिला अपुरी म्हणतो.

मग तिने विचारले, ‘‘सर, आतून कसं आहे?’’ ती टोक काठावरून आत घालू पाहत होती आणि ते जात नव्हते. मुलगा गोंधळला. म्हणाला, ‘‘आतून स्कॅन केलंच नाही. तोंड बंद करून टाकलंय. आत कोण बघणार?’’

मला एकदम बार्शी आठवली. त्या संग्रहालयाच्या प्रसंगानंतर माझ्या मनाला टोचणी लागली होती. बार्शीपासून तेर फार लांब नाही. सातवाहनकाळातले ते भरभराटीचे व्यापारी नगर, प्राचीन ग्रीक नोंदींतले तगर. तिथल्या माझ्या एका शिक्षकमित्राकडे जुन्या मडक्याचे खापर होते. ते काही दिवसांसाठी मागून मी मामांकडे नेले. त्यांनी ते कितीतरी वेळ तळव्यावर फिरवले. मी रंग सांगू लागलो, तर म्हणाले, ‘‘थांब.’’ मग माझे बोट धरून त्यांनी खापराच्या आतल्या बाजूवर टेकवले. बारीक आडव्या वळ्या होत्या. ‘‘कुंभाराची बोटं लागतात बघ. चाक फिरताना आतून हात धरला होता त्यानं. बाहेरून पुसून घेतलंय, आत तसंच ठेवलंय. आत कोण बघतंय म्हणून.’’ दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या बोटांवर माझे बोट होते. इतकी वर्षे मी सातवाहन शिकवत होतो. त्यातल्या एका माणसाची भेट मला एका आंधळ्या अडत्याने घडवली.

म्हणून या नव्या यंत्रांविषयी माझे म्हणणे साधे आहे. ती जरूर यावीत. घराबाहेर पडणे कठीण असलेल्या माणसाला लांबचे शिल्प चाचपता आले, तर ती लहान गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेला अपंगांच्या हक्कांचा करारनामा आणि आपला २०१६ चा कायदा, दोन्हींत सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क म्हणून मांडला आहे. ती मेहेरबानी नव्हे. पण यंत्र येणार आहे म्हणून आज हात अडवू नयेत. मातीची, दगडाची प्रतिकृती स्थानिक कारागीर आजही करू शकतो. फुटकी खापरे कोठारात पडून असतात. त्यातली दोन-चार एका टेबलावर ठेवायला कसलेही तंत्रज्ञान लागत नाही. डीस यांनी १९०६ साली ते केले होते. आणि यंत्र बनवायचेच, तर ते बनवताना अंध माणूस शेजारी बसलेला हवा, शेवटी उद्घाटनाला बोलावलेला नव्हे. नाहीतर मडक्याचे तोंड बंदच राहील.

त्या मुलाने पुढच्या महिन्यात फोन केला. मडके त्याने पुन्हा मोजले होते, आतून. ती विद्यार्थिनी पुन्हा येऊन बसली होती आणि या वेळी अर्धा तास उठली नाही. ‘‘तिला वळ्या लागल्या का?’’ मी विचारले. तो म्हणाला, ‘‘लागल्या. पण सर, ती म्हणते, खरं मडकं कुठं आहे? एकदा हातात द्या.’’

नानामामा आज नाहीत. असते तर तिला म्हणाले असते, बरोबर बोललीस.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)